जिथे दोर तुटला ते गाव

इंग्लंडला जाऊन आलेल्या मराठी माणसाने प्रवासवर्णन लिहायचे, तर त्यात टॉवर ब्रिज हवा, राणीच्या राजवाड्यासमोरचे लाल डगलेवाले शिपाई हवेत, आणि तिथल्या पावसाबद्दल निदान दोन तक्रारी तरी हव्यातच. या लेखात यांतले काही मिळणार नाही. मी लिहिणार आहे ते स्टेनिंग नावाच्या एका गावाबद्दल. परगणा ससेक्स, ब्रायटनच्या पश्चिमेला, समुद्रापासून थोडे आत. तिथे किल्ला नाही, राजवाडा नाही. तरीही जुन्या रेकॉर्डी ऐकण्याचा नाद असलेल्या माणसाला या गावाचे नाव काढताच हात जोडावेसे वाटतात. का, ते सांगण्यासाठीच हा खटाटोप.

२०१९ च्या मे महिन्यात मी माझ्या थोरल्या चुलतभावाकडे शोरहॅमला तीन आठवडे राहिलो होतो. आमचा दादा १९६४ साली इंजिनियर होऊन तिकडे गेला तो तिकडचाच झाला. विमानांची उपकरणे बनवणाऱ्या एका कारखान्यात त्याने उभी हयात काढली. वहिनी २०१४ साली गेल्या. तेव्हापासून दादा, एक मांजर आणि परसातली लाकडी खोली असा त्याचा संसार. त्या खोलीत काय चालते ते पुढे येईलच.

शोरहॅमहून स्टेनिंगला बसने जायचे. वाट अडूर नदीच्या काठाकाठाने आहे. पलीकडच्या तीरावर टेकडीवर लॅन्सिंग कॉलेजचे उंच चॅपेल दिसते. ते इतके उंच, की नदी वळली तरी ते काही आपली पाठ सोडत नाही. मग एकाएकी डोंगर पोखरून केलेली खडूची पांढरी खाण आणि तिच्यापुढे सिमेंटचा बंद पडलेला प्रचंड कारखाना लागतो. १९९१ पासून तो तसाच उभा आहे, फुटक्या खिडक्यांतून आभाळ दाखवत. पुढे ब्रॅम्बरच्या किल्ल्याची एकच उंच भिंत, आणि मग स्टेनिंग.

एके काळी इथवर गलबते येत, असे सांगितले तर आज खरे वाटत नाही. पण नदी गाळाने भरली आणि बंदराचे खेडे झाले. शाळा १६१४ सालची. गावात आगगाडीही होती, ती १९६६ साली बंद झाली, आणि तिच्या रुळांच्या वाटेवरून आता माणसे कुत्री घेऊन फिरायला जातात. बंदर गेले, रेल्वे गेली, गाव मात्र आपल्या जागी शांत बसले आहे. हाय स्ट्रीटवर वाकड्या लाकडी चौकटींची घरे, त्यांच्यावर हॉर्शमच्या दगडी फरश्यांची छपरे. त्या ओझ्याने घरांची कंबर वाकली आहे, पण मोडलेली नाही. दादा म्हणाला, “बघ, वजन बरोबर पेललं, की वाकलेलं घरसुद्धा चारशे वर्षं उभं राहतं.” इंजिनियर माणूस देवळातही कळसाकडे न पाहता आधी खांबांकडे पाहतो.

आता या गावाची खरी गोष्ट. १९४६ साली अ‍ॅलिस्टर रॉबर्टसन-एकमन नावाच्या गृहस्थाने एक छोटी कंपनी काढली. नाव ‘स्केल मॉडेल इक्विपमेंट’. आगगाड्या, इंजिने यांच्या हुबेहूब लहान प्रतिकृती करणाऱ्या शौकिनांना ती सुटे भाग पुरवी. पुढे प्रतिकृतींचा धंदा मागे पडला आणि कंपनी विमानांच्या उपकरणांसारखी नाजूक कामे करू लागली. साहेबांना संगीताचे भारी वेड. १९५९ साली त्यांना घरच्या रेकॉर्डप्लेयरसाठी मनासारखा आर्म हवा होता. आर्म म्हणजे टोकाला सुई धरून तबकडीवर फिरणारा तो हात. बाजारातला एकही पसंत पडेना, तेव्हा त्यांनी आपल्याच कारखान्यात एक प्रायोगिक आर्म करून घेतला. मित्रांनी तो पाहिला, ऐकला, आणि प्रत्येकजण म्हणू लागला, मलाही असाच एक दे. त्याच वर्षी सप्टेंबरात तो विक्रीला आला. १९६१ साली स्टेनिंगमध्ये नवा कारखाना बांधला गेला, कंपनीच्या नावाची तीन अक्षरे उरली, आणि ‘एस.एम.ई.’ हा शब्द जगभरच्या शौकिनांच्या तोंडी बसला.

एका माणसाने स्वतःपुरता केलेला आर्म; त्याची ही एवढी कीर्ती! पण त्यात एवढे अवघड ते काय, असे वाचकांना वाटेल. मलाही वाटे. दादाने बसमध्येच माझी शिकवणी घेतली.

रेकॉर्ड मुळात कापली जाते तेव्हा कापणारे टोक तबकडीच्या कडेपासून मध्याकडे नाकासमोर सरळ रेषेत सरकत असते. वाजवणारा आर्म मात्र एका खुंटीभोवती फिरतो, दाराच्या फळीसारखा. म्हणजे त्याची सुई कमानीत चालते. सरळ रेषा आणि कमान यांचे पटणार कसे? सुई चराला कुठे ना कुठे तिरकी पडणारच. पर्सी विल्सन याने १९२४ साली ‘ग्रामोफोन’ मासिकात यावर तोडगा मांडला. पुढे १९३८ साली लोफग्रेन आणि १९४१ साली बेअरवाल्ड यांनी त्याचे गणित पक्के केले. तोडगा असा की आर्म थोडा लांब ठेवायचा, म्हणजे सुई तबकडीच्या मध्यबिंदूच्या पलीकडे जाईल. आणि डोके आतल्या बाजूला वाकवायचे, नऊ इंची आर्मला सुमारे तेवीस-चोवीस अंश. मग वाटेत दोन जागा अशा मिळतात, की तिथे सुई अगदी बरोबर बसते. बेअरवाल्डच्या हिशेबाने या जागा मध्यापासून ६६ आणि १२१ मिलिमीटरच्या आसपास येतात. बाकी ठिकाणी चूक राहते, पण ती दोन-एक अंशांत.

“म्हणजे प्रश्न सुटला की!” मी म्हटले.

“सुटला कसला? डोकं वाकवलंस, की सुई आर्मला मध्याकडे ओढायला लागते. चराच्या एका भिंतीवर जास्त दाब. मग त्या ओढीला उलट ओढ लावा. एस.एम.ई.वाल्यांनी दोऱ्याला एक चिमुकलं वजन टांगलं. आणि आर्म वरखाली हलायला त्यांनी काय वापरलं माहीत आहे? सोनाराच्या काट्याची धार! दांडी धारेवर टेकलेली. घर्षण म्हणून नाही.”

मिल रोडवरची ती इमारत आम्ही बाहेरूनच पाहिली. पाटी नसती तर तिच्यावरून कुणी दोनदा मान वळवली नसती. पण दादा फाटकासमोर उभा राहिला तो काही क्षण टोपी हातात घेऊन. मग सावकाश म्हणाला, “आता याचे मालक पुण्याचे आहेत, ठाऊक आहे ना?” ते खरेच आहे. रॉबर्टसन-एकमन २००६ साली वारले, आणि २०१६ साली ही कंपनी पुण्याच्या अजय शिर्के यांच्या केडन्स समूहाने घेतली. पुढे २०१८ साली गॅरार्ड हे नावही त्यांच्याकडेच आले. आपल्याकडे जुन्या वाड्यांतून ज्या गॅरार्डच्या चकत्या फिरल्या, तेच हे गॅरार्ड. ससेक्समधल्या गल्लीत उभे राहून पुण्याचे नाव ऐकले, आणि उगाचच माझी छाती दोन बोटे फुगली. खरे तर माझा त्यात एका स्क्रूचाही वाटा नव्हता.

आता परसातल्या खोलीबद्दल. दादाने गेल्या पाच वर्षांत स्वतःच्या हाताने दहा आर्म केले होते, आणि ते दहाही भिंतीवर ओळीने टांगले होते, शिकाऱ्याच्या घरात शिंगे टांगावीत तसे. पहिला बांबूचा. कुंपणातल्या बांबूची काठी, मधे बॉलपेनचे टोक, आणि ते टोक एका वाटीत टेकलेले. एकाच टोकावर तोल, त्यामुळे घर्षण नाहीसे. पण आर्म डोंबाऱ्याच्या पोरासारखा दोन्ही बाजूंना डुलायचा. दुसऱ्यात त्याने वाटीत सिलिकोनचे दाट तेल घातले. डुलणे थांबले, पण तेल जास्त झाले की वाकड्या तबकडीवर आर्म आळशासारखा मागे राही. तिसरा दोऱ्याला टांगलेला, खाली गोल्फचा चेंडू तेलात बुडवलेला. ही युक्ती बिल फायरबाऊ या अमेरिकन माणसाची. चौथ्यात दोरा आणि लोहचुंबकांची जोडी. ती बर्लिनच्या फ्रँक श्रोडर यांची. पाचवा सरळ रेषेत चालणारा. काचेच्या नळीवर बारीक चाकांची गाडी, तिला आखूड आर्म. गणिताने निर्दोष, पण नळीवर धुळीचा एक कण बसला, की गाडी अडखळे. सहाव्यात दोन दांड्यांची जोडी, म्हणजे डोके चालता चालता स्वतःच कोन बदलते. गॅरार्डने १९७१ साली ‘झिरो १००’ मध्ये तसे केले होते. त्यात सांधे वाढले, आणि प्रत्येक सांधा थोडा खुळखुळला.

“कोन सुधारावा तर सांधे बिघडतात, सांधे काढावेत तर कोन बिघडतो,” दादा म्हणे. “एक दोष काढायचा म्हणजे त्याच्या जागी दुसरा बसवायचा. कुठला दोष आपल्याला चालेल, एवढंच आपल्या हातात.”

आणखी एक शत्रू तो सांगे, तो म्हणजे आर्मची स्वतःची थरथर. सुई एका लवचीक काडीवर बसलेली असते. आर्मचे वजन आणि त्या काडीचा लवचीकपणा मिळून सगळे प्रकरण स्प्रिंगला टांगलेल्या दगडासारखे एका ठरावीक गतीने हेलकावे खाऊ पाहते. ती गती सेकंदाला आठ ते बारा हेलकाव्यांच्या दरम्यान यावी. त्याहून कमी आली, तर तबकडीचा वाकडेपणा आणि माणसांची पावले आर्मला नाचवतात. वीसच्या पुढे गेली, की ती गाण्यातच शिरते. म्हणून बांबू की अ‍ॅल्युमिनियम, काठी किती जाड, मागचे वजन खुंटीपासून किती लांब, हे सगळे जमवून घ्यायचे. सुईतून निघालेल्या केसासारख्या चार तारांचासुद्धा पीळ आर्मला वळवतो, एवढे ते नाजूक.

हे सगळे कशासाठी? दादाकडे चांगले विकत घेतलेले यंत्र होते. रोजच्या रेकॉर्डी त्यावर सुरेख वाजत. सातव्या की आठव्या दिवशी मी सरळ विचारले.

त्याने कपाटातून एक पाकीट काढले. आत दहा इंची काळी तबकडी होती, अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्यावर लाखेसारखा लेप दिलेली. वहिनी चांगल्या गात. लंडनच्या महाराष्ट्र मंडळात त्यांचे गाणे होई. १९६८ साली कुणाच्या तरी आग्रहावरून त्यांनी एका छोट्या स्टुडिओत पैसे भरून ही तबकडी कापून घेतली होती. एका बाजूला अभंग, दुसऱ्या बाजूला भैरवी. प्रत एकच. कारखान्यात छापलेली रेकॉर्ड शेकडो वेळा वाजते, पण अशी हातकापी तबकडी मऊ असते; प्रत्येक वेळी सुई तिच्यातले थोडे घेऊन जाते. त्या काळी घरच्या जड आर्मखाली ती वीसेक वेळा वाजली, आणि मग वहिनींनीच ती आत ठेवून दिली. त्यानंतर त्यांचा आवाज कुठेही घेतलेला नाही.

“एकदाच वाजवायची,” दादा म्हणाला, “आणि त्याच वेळी उतरवून घ्यायची. त्या एका खेपेला आर्म असा हवा, की त्याने काही बिघडवू नये.”

भैरवी शेवटी गातात हे आपल्याला माहीत आहे. पण रेकॉर्डच्या दृष्टीने त्याचा अर्थ काय, ते मला दादाने सांगितले. तबकडी एकाच वेगाने फिरते, पण बाहेरचा फेरा मोठा आणि आतला लहान. बारा इंची तबकडीच्या कडेला सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर चर सुईखालून जातो, आणि अगदी आत जेमतेम २१. तेवढेच सूर, पण निम्म्याहून कमी जागेत दाटीने बसवलेले. तिथेच कोनाची चूक जास्त बोचते. म्हणजे गाणे रंगून शेवटाला आले, की नेमका तिथेच आवाज फाटतो. तबकडीच्या या बाजूला वहिनी भैरवी संपवून शेवटी काहीतरी बोलल्या होत्या. काय, ते जुन्या यंत्रावर कधी कळले नाही. दादाला ते शब्द हवे होते.

“मग एखाद्या जाणकाराकडे का देत नाहीस? इथे अशी कामं करणारे आहेत.”

“आहेत. माझ्यापेक्षा चांगले आहेत.” एवढेच बोलून तो तबकडी पाकिटात घालू लागला. तेव्हा मला दिसले. काठाजवळ लेपावर पांढरट बुरशीसारखा थर होता, आणि केसाएवढी एक चीर. असल्या लेपातले तेल वर्षानुवर्षे पांढरे होऊन बाहेर येते, लेप आकसतो, तडकतो आणि पत्र्यापासून सुटतो. थर पुसता येतो. चीर पुसता येत नाही. वाजवली तर झिजणार, आणि नाही वाजवली तर तडकणार. दादाला हे माझ्याहून चांगले ठाऊक होते.

मी तेव्हा काही बोललो नाही. दोन दिवसांनी आम्ही स्टेनिंगला गेलो, ती ही बसयात्रा.

कारखाना पाहून झाल्यावर दादा मला तिथल्या चर्चमध्ये घेऊन गेला. आत नॉर्मन काळातल्या कोरीव गोल कमानी आहेत. चर्चजवळ एका तरुणाचा पुतळा आहे. हा संत कथमन. त्याची कथा ऐकून मी थक्कच झालो. बाप वारलेला, आई पांगळी. पोराने तिला एका हातगाडीत बसवले आणि घर सोडले. गाडीचे ओझे हातांना पेलेना म्हणून त्याने दांड्यांना दोर बांधून तो खांद्यांवरून घेतला. आपला श्रावणबाळच हा! फरक एवढाच, की श्रावणाकडे कावड होती, दोन पारडी तोललेली. याच्याकडे एकच आई आणि खांद्यावर दोर. वाटेत दोर तुटला. शेतात गवत कापणारे लोक हसले. कथमनने झुडपांच्या ओल्या फांद्या पिळून नवा दोर वळला आणि देवाला सांगितले, हा पुन्हा जिथे तुटेल तिथे मी थांबेन आणि तुझे मंदिर बांधीन. तो इथे तुटला.

दादा मला हे सांगत होता ते दोराच्या यंत्रशास्त्रासाठी. ओझे हातांवरून खांद्यांवर कसे जाते, वगैरे. मी मध्येच म्हटले, “दादा, त्याने फांद्यांचा दोर किती दिवस टिकेल याची चिंता केली नाही. तुटेल तिथे थांबायचं, हे आधीच ठरवून टाकलं. तुझे दहा झाले.”

तो माझ्याकडे पाहत राहिला. मग म्हणाला, “चल, बस चुकेल.” बस यायला चाळीस मिनिटे होती.

त्या रात्री परसातल्या खोलीत दिवा होता. अकरावा आर्म पुन्हा बांबूचाच. पण या वेळी वरखाली होण्यासाठी दाढीच्या पात्याचे दोन तुकडे, सोनाराच्या काट्यासारखे धारेवर टेकवलेले, आणि आडव्या फिरण्याला एक बारीक बेअरिंग. मागे शिशाचे वजन, आणि अगदी बारीक तोलासाठी आपले भोकाचे पैसे. १९४३ ते १९४७ च्या काळात निघालेले ते पैसे दादाच्या आईने त्याला प्रवासात सुपारीच्या डबीतून दिले होते. मधे भोक असल्याने ते सळईवर मण्यांसारखे ओवता येतात. जगातल्या कुठल्याही कंपनीने असे सोयीचे वजन केले नसेल! आरशाच्या तुकड्यावर रेघा ओढून त्याने कोन जुळवला. दोन संध्याकाळ धर्मादाय दुकानातल्या टाकाऊ रेकॉर्डींवर तपासणी झाली. सुईचा भार मी कमी करायला सुचवले, तर दादा म्हणाला, “हलका म्हणजे मऊ असं नाही. फार हलकी सुई चरात उड्या मारते, आणि उडी मारणारी सुई दाबणाऱ्या सुईपेक्षा जास्त ओरबाडते.”

तिसऱ्या दिवशी सकाळी, रस्त्यावर वाहने नसताना, तबकडी पुसून लावली. उतरवून घेणारे यंत्र सुरू केले. चिरेपाशी प्रत्येक फेऱ्याला टक् टक् असा आवाज आला, पाच-सहा फेरे. मग चीर संपली आणि वहिनींचा तरुण आवाज खोलीत आला. झिजलेले परत येत नाही. वरच्या सुरांवर खरखर होतीच. पण भैरवी शेवटपर्यंत फाटली नाही. गाणे संपले, तंबोरा क्षणभर वाजत राहिला, आणि मागे वळून कुणाला तरी विचारावे तसा वहिनींचा आवाज स्वच्छ आला, “बरं झालं का?”

दादाने सुई उचलली. “हं,” तो म्हणाला. एवढेच.

त्याच वर्षाच्या डिसेंबरात एस.एम.ई.ने सुटे आर्म विकणे बंद केले. पुढे ते त्यांच्या स्वतःच्या रेकॉर्डप्लेयरवरच मिळणार, असे जाहीर झाले. दादाला हे फोनवर सांगितले तर तो म्हणाला, “बरोबर आहे. म्हणजे ज्याला हवा त्याने पुन्हा घरी करावा. सुरुवात तशीच झाली होती.” सध्या त्याचा बारावा चालू आहे. विचारले, कशासाठी? म्हणाला, हौस म्हणून. या शब्दाला त्याच्या तोंडी पाच वर्षांनी जागा मिळाली होती.

वाचकांपैकी कुणी ब्रायटनकडे गेलेच, तर अर्धा दिवस स्टेनिंगसाठी काढावा. कमानी पाहाव्यात, वाकलेली घरे पाहावीत. पाय धड असतील तर जवळच्या चॅन्क्टनबरीच्या टेकडीवर जावे. १७६० साली एका मुलाने तिथे वर्तुळात झाडे लावली. १९८७ च्या वादळात त्यांतली बरीच पडली, आणि लोकांनी पुन्हा लावली. फक्त गवत कापायच्या दिवसांत गेलात आणि पाऊस आला, तर तक्रार करू नका. कथमनला हसलेल्या त्या लोकांचे गवत तेव्हा पावसाने भिजवले, आणि दरवर्षी कापणीला त्या शेतावर पाऊस पडतोच, अशी तिथली समजूत आहे. कुणी आपल्या माणसासाठी घरी केलेल्या दोराने ओझे ओढत असेल, तर त्याला हसू नये, एवढाच त्या पावसाचा अर्थ.